गुलाबरावांचा पास झालेला खुबा

रेल्वेत जन्म काढलेल्या माणसाला वैद्यकीय तपासणी ही परीक्षाच वाटते, आणि आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातले गुलाबराव या परीक्षेचे जुने गुणवंत. रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये त्यांची नोकरी झाली. तपासणी जवळ आली की ते आठवडाभर गाजरं खात, दुरूनच दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटत, आणि पास झाले की गल्लीत पेढे वाटत. कारण गँगमधला एक सोबती ‘अनफिट’ ठरला होता, आणि उरलेली नोकरी त्याने ऑफिसात दाराशी बसून लोकांना पाणी पाजण्यात काढली. गुलाबरावांच्या मते हे मरणाहून वाईट होतं. मेलेल्याला निदान दुसरे पाणी पाजतात.

निवृत्तीनंतर त्यांचा उजवा खुबा दुखू लागला. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजू लागलाय. तो किती हलतो, स्नायूंत किती जोर आहे ते तपासू, मग ऑपरेशनचं ठरवू. जाता जाता एवढंच म्हणाले की नवा सांधा बसवला की जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही.

घात झाला तो इथे. दर रविवारी बुद्धविहारात सगळ्यांच्या पुढे मांडी घालून वंदना सांगायचा मान गुलाबरावांचा होता. आवाज इंजिनाच्या शिट्टीच्या घराण्यातला, पण त्यांच्या मागे सगळा विहार एका सुरात म्हणायचा. ती जागा सोडायची म्हणजे अनफिटच की!

मग त्यांनी तपासणीची तयारी केली. घरी पलंगावर पाय वर-खाली, आत-बाहेर, बायको अंजनाबाई परीक्षक. खुबा वळत नसेल तर कंबरच वळवायची, ही युक्ती त्यांना त्यात सापडली. दवाखान्यात तपासणाऱ्या एका घाईतल्या तरुणाने गुडघा पोटाशी दाबला.

“दुखते का, काका?”

“नाही जी.”

“मग घाम काहून आला?”

“गरमी आहे,” गुलाबराव म्हणाले. महिना जानेवारीचा होता.

शेवटी एका पायावर उभं राहायचं होतं. अंजनाबाई पिशवी घेऊन शेजारी उभ्या होत्या; गुलाबरावांनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात टेकला. तरुण तेवढ्यात फोनवर बोलत होता. झाले पास! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ऑपरेशन पुढे ढकललं, आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. माझ्या वाट्याला दोन आले होते.

वर्षभरात गुलाबराव अंजनाबाईंच्या खांद्यावर टेकूनच चालू लागले. रात्री कूस बदलताना कण्हायचे, सकाळी म्हणायचे, “उंदीर होता.” शेवटी मांडी घातली की उठवायला दोन माणसं लागू लागली, तेव्हा अंजनाबाईंनी त्यांना ओढतच नेलं.

या वेळी तपासायला साक्षी नावाची मुलगी होती. घरची मराठी, पण उत्तरं हिंदीत. गुलाबरावांनी नेहमीची युक्ती केली. साक्षीने एक हात त्यांच्या कमरेवर घट्ट ठेवला.

“अंकल, पैर घुमाना है, कमर नहीं.”

कंबर धरून ठेवल्यावर पाय जागचा हलला नाही. मग कुशीवर निजवून वरचा पाय उचलायला सांगितला. साक्षीने त्यावर नुसती बोटं टेकवली आणि तो खाली आला. गुलाबराव त्या पायाकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय होता.

“अब इसी पैर पर खड़े हो जाइए.”

अंजनाबाई शेजारीच होत्या. गुलाबरावांचा हात सवयीने खांद्याकडे गेला, आणि अंजनाबाई दोन पावलं मागे सरल्या. गुलाबराव एका बाजूला कलंडले. साक्षीने सावरलं म्हणून बरं.

“काहून सरकली वं?”

“खांदा मोडून राहिला माझा,” अंजनाबाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. “अन तुमचं पास होणं बी आता पुरे झालं.”

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. सांध्यात फटच उरली नव्हती. गुलाबरावांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दोन रुळांच्या जोडात फट राहिली नाही तर वैशाखाच्या उन्हात रूळ कसे वाकतात, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

ऑपरेशन झालं. दुखणं गेलं. पण वर्षभर पायाने नुसता भारच चुकवला होता. स्नायू वाळून गेले होते. “थोड़ा पहले आते तो...” एवढंच म्हणून साक्षी थांबली. लंगडणं राहिलं, काठी आली.

परवाच्या रविवारी ते विहारात आले. मुलांनी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, शेवटी, दाराशी, माठाजवळ. पंख्याची हवा तिथे बरी लागते म्हणून. पुढे गुलाबरावांच्या जागी बसून तरुण प्रफुल्लने वंदना सुरू केली. सगळे जमिनीवर कपाळ टेकून वाकले. गुलाबरावांना एवढ्या पाठी आजवर कधी दिसल्या नव्हत्या.

“साहेबावानी बसले न खुर्चीवर,” खुर्चीच्या पायाशी बसलेल्या अंजनाबाई हसवायला म्हणाल्या.

“साहेब पुढं बसतेत वं.”

वंदना संपली. घसा कोरडा पडलेला प्रफुल्ल पहिला दाराकडे आला.

“काका, जरा पाणी द्या न.”

गुलाबरावांनी काठी मांडीवर आडवी ठेवली, माठावरचं झाकण काढलं, आणि ग्लास भरून दिला.