नामदेवदादाचा नंबर

१९९५ साली शहाजीच्या साताऱ्याकडच्या गावानं दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या नावांची शिळा बसवायचं ठरवलं. यादीत शहाजीचे चुलते नामदेव नव्हते. बेचाळीसला ते पलटणीत भरती झाले, इटलीपर्यंत गेले आणि मग पत्रंच थांबली. गेले म्हणावं तर कागद नव्हता.

शहाजी तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. कोपरखैरण्याच्या घरात तो, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी प्रियदर्शिनी आणि सहासष्ट वर्षांची आत्या बाळाबाई. नामदेव हे बाळाबाईंचे सख्खे थोरले भाऊ.

खाडे करून शहाजीनं सरकारी कचेऱ्या पालथ्या घातल्या. जिथं तिथं एकच उत्तर, सैनिक नंबर आणा. सात महिने असे गेले. एका रविवारी जेवताना तो बायकोला म्हणाला, "नंबरावाचून अडलंय सगळं. आता सोडून देतो."

भाकरी मोडता मोडता बाळाबाईंनी नंबर सांगितला. सलग, न अडखळता.

शहाजीचा हात ताटातच थांबला. "आत्ती, आधी का न्हाई बोललीस?"

"मला कुणी इचारलं? घरात लिवाय-वाचाय मला एकलीलाच येत व्हतं. दादाच्या पाकिटावर नंबर मीच घालायची. एक आकडा चुकला तर पत्र दुसऱ्याच्या हाती जाईल, म्हणून पाठ केला."

प्रियदर्शिनीनं त्याच दिवशी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला इंग्रजीत पत्र लिहिलं. चार महिन्यांनी लांबट लिफाफा आला. आज्जीशेजारी फरशीवर बसून ती एकेक ओळ मराठीत सांगू लागली. सप्टेंबर चव्वेचाळीस, नदी ओलांडताना बेपत्ता. वर्षभरानं मृत धरलं. तिकडच्या स्मारकावर नाव कोरलंय. मग ती थबकली.

"फुडं काय हाय?"

"घरी तार पोचल्याची पावती आहे, आज्जी. तुझ्या वडिलांचा अंगठा आहे तिच्यावर."

बाळाबाईंनी कागद हातात घेऊन आबांच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. आबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी तार पोस्टातच कुणाकडून तरी वाचून घेतली असणार, आणि घरी आणलीच नसणार. आणली असती तर पंधरा-सोळा वर्षांच्या बाळीलाच ती आईसमोर वाचावी लागली असती. आई त्यानंतर बारा वर्षं जगली. तिनं विचारलं की आबा म्हणायचे, "इटली लांब हाय, ईल."

"एकट्यानं कसं सोसलं असंल त्यांनी," बाळाबाई हळूच म्हणाल्या. मग कागदावरच्या इंग्रजी नावाखाली त्यांनी चष्मा लावून स्वतः मराठीत दादाचं नाव लिहिलं आणि वाचलं.

शिळेवर नामदेवांचं नाव आलं. त्या सर्वपित्री अमावस्येला बाळाबाईंनी सुनेला बाजूला सारून स्वतः स्वयंपाक केला. एक पान दादाला वाढलं, शेजारी आबांना. वडे तळताना त्या प्रियदर्शिनीला दादाच्या खोड्या सांगू लागल्या. स्वयंपाक आटोपला, जेवणंही झाली, तरी त्या सांगतच होत्या.