बिस्किटाचं तोंड

परवा भाचीच्या ओव्हनमध्ये जिंजरब्रेडची माणसं भाजत होती, म्हणजे माणसाच्या आकाराची बिस्किटं. सुंठ, गूळ, दालचिनी. वास थेट बाळंतिणीच्या लाडवांचा, पण भाची म्हणाली, "मावशी, हा ख्रिसमसचा वास." असेल बापडा.

बिस्किटं गार झाल्यावर आयसिंगनं त्यांना डोळे, गुंड्या आणि तोंडं काढली. सगळी हसरी. भाचीच्या सात वर्षांच्या लेकीनं, इरानं मात्र एकाचं तोंड सरळ रेघेसारखं काढलं.

"हा का हसत नाही गं?" भाचीनं विचारलं.

"तो आत्ता भाजून निघालाय. कशाला हसेल?"

एवढं शहाणं वाक्य त्या घरात कित्येक दिवसांत कुणी बोललं नसेल. पण भाचीनं टूथपिक घेऊन ती रेघ खरवडली आणि तिथं हसू काढलं. का, तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो जायचा होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहलीचे फोटो हसरे, बारशाचे हसरे, आता सुंठसुद्धा हसली पाहिजे. या लोकांना बिस्किटाचा गंभीर चेहराही सोसत नाही.

मग इराला ताटामागे उभं केलं. "हस की गं, बाळा." ती हसली.

फोटो झाल्यावर भाचीनं ते खरवडलेलंच बिस्कीट माझ्या हातावर ठेवलं. "कसं झालंय, मावशी?" ते दगडासारखं कडक होतं.

"छान झालंय," मी म्हणाले आणि तोंडभर हसले.

इरा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. टूथपिक आता तिच्या हातात होती.