सांध्यांवर फणसाचा इलाज

माझी बोटं माझ्याबरोबर उठत नाहीत. मी उठून चहा ठेवते, तरी ती आपली आखडून झोपलेलीच. डॉक्टर म्हणाले, "सांधे सुजलेत. इंजेक्शन घ्या, नाहीतर बोटं वाकडी होतील."

म्हणजे भाकरी थापणं संपलं! पुढं जन्मभर सुनेच्या, शैलाच्या हातची भाकरी? (तिच्या भाकरीच्या काठावर पाखरू बसेल, एवढा जाड असतो तो!) पण सुईलाही मी भिते.

नात सायली प्रयोगशाळेचं शिकते. तिला विचारलं, "आत नेमकं बिघडतंय काय गं?"

"आज्जी, सूज आली की शिरेच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटून थांबतात आणि भिंतीतनं सांध्यात घुसतात. मग सूज आणखी वाढते."

"चिकटतात म्हंजे? फणसाच्या चिकासारखं?"

"तसंच म्हण की."

झालं! माझं माहेर गारगोटीकडचं, फणसाच्या मुलखातलं. फणस चिरण्याआधी हाताला आणि विळीला तेल चोळलं की चीक बसत नाही, हे मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक. एवढी शिकलेली माणसं, आणि कुणाला हे सुचू नये?

रक्ततपासणीला दवाखान्यात निघताना दोन्ही हातांना पार दंडापर्यंत शेंगतेल चोळलं. झिरपेल की आत!

मंगळवार पेठेतनं शैलाच्या स्कूटरवर निघालो. "आत्ती, धरून बसा," ती म्हणाली. (सासूला आमच्यात आत्ती म्हणतात.) धरलं, पण हात टिकतोय कुठं! पहिल्याच गतिरोधकाला तिच्या खांद्यावरनं सटकला, तो थेट अंबाड्याला!

"आत्ती, क्यास सोडा!"

"मग धरू कशाला?"

दवाखान्यात नर्सबाईंनी रक्त घ्यायला दंडाला रबर बांधलं, ते घसरून मनगटावर आलं. कसंबसं रक्त काढून कापसावर चिकटपट्टी लावली, ती गळून पडली. दुसरी लावली, तीही पडली. रक्ताचा ओघळ साडीवर!

"आज्जी, लावलंय काय हे?"

"तेल. फणस चिरताना लावतो की आम्ही!"

डॉक्टर धावत आले. त्यांना मी चीक, भिंत, पेशी सगळं समजावून सांगितलं. ते हसले नाहीत.

"विचार बरोबर हाय, आज्जी. पण ते चिकटणं शिरेच्या आत चालतंय. तुमचं तेल कातडीवरच राहिलं. इंजेक्शन आत जाऊन सूज उतरवतंय, मग चिकटणंही कमी होतंय."

"मग हे आधी सांगाय नको व्हय? द्या की सुई!"

मी दंड पुढं केला. (तो आधी साबणानं धुवावा लागला, ते सोडा.)

काही महिन्यांनी बोटं खरंच मोकळी झाली. मी परात ओढली, पीठ मळलं आणि शैलाला सुनावलं, "बघून ठेव, भाकरी कशी असती ती!"

छान पातळ थापली. उचलायला गेले, तर ती परातीला घट्ट चिकटून बसलेली.

शैला शांतपणे म्हणाली, "आत्ती, तेल देऊ?"