पहिला नंबर गणपतीचा

दुसऱ्याच्या पत्रांची स्वतःच्या उसापेक्षा जास्त काळजी करणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. काटेवाडीत कालव्याचं पाणी, दावणीला म्हशी, पदरात विज्ञानाची पदवी, असं सगळं यथासांग असताना या गृहस्थांनी नव्वद सालानंतर कधीतरी एक संगणक आणला, फोनच्या तारेला जोडला आणि त्याला 'बोर्ड' म्हणायला सुरुवात केली. ज्याच्याकडे संगणक असेल त्यानं या बोर्डाला फोन करायचा, त्यात आपली पत्रं ठेवायची, आपल्या नावची वाचायची. आणि रोज पहाटे बोर्डानं मुंबईच्या बोर्डाला फोन लावून लांबचं टपाल द्यायचं-घ्यायचं. इंटरनेट हा शब्द आमच्या तालुक्यात अजून यायचा होता. आम्हाला कळलं ते इतकंच, की मेव्हणीच्या तब्येतीची चौकशी करायला फोन केला की पलीकडून शिट्टी वाजते आणि मग कुणीतरी पातेलं खरवडतं.

संगणक असलेली माणसं त्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण साडू हार मानणारे नव्हते. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांची पत्रं ते छापून काढत आणि स्कूटरवरून थेट वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टर्सपर्यंत पोचवत. दुसऱ्याचं पत्र वाचणं हे त्यांच्या लेखी महापाप, म्हणून छपाई चालू असताना ते यंत्राकडे पाठ करून बसत. त्यामुळे कागद अडकला तरी त्यांना पत्ता लागत नसे आणि शेवटच्या दहा ओळी एकमेकींच्या अंगावर छापल्या जात. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "सर, वाचता येत न्हाय म्हंजी गुपित ऱ्हायलं न्हवं?"

शेजारीपाजारी उसाची जात बदलत, हे प्रोग्राम बदलत. आणि नवा प्रोग्राम आला की पत्रांसाठी नवा कप्पा करायचा आणि त्यात पहिलं पत्र गणपतीला लिहायचं. लग्नाची पहिली पत्रिका जशी त्याच्यापुढं ठेवतात, तसंच. यंत्राला देवनागरी येत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'श्री गणेशाय नमः, कृपा असावी, लोभ आहेच'. "पयला नंबर त्येचा, मग माणसांचा," असं त्यांचं शास्त्र. मी या प्रकाराची यथेच्छ टिंगल केलेली आहे.

माझी धाकटी बहीण तेव्हा आफ्रिकेत होती. तिचा नवरा तिथल्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमच्याकडची रीत, पण डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली आणि शेळगावात माझ्या आईची झोप उडाली. तिकडच्या कॉलनीतही कुणाचा तरी असाच बोर्ड होता, म्हणून खुशाली तरी साडूंच्या यंत्रावर येत असे. मग एक दिवस तिच्या नवऱ्याचं पत्र आलं: दवाखान्यात नेतोय, जरा अडचण आहे. त्यानंतर काहीच नाही. फोन लागेना, तारेला उत्तर येईना. आणि असा मुहूर्त साधून आमच्या साडूंनी प्रोग्राम बदलला.

आईला घेऊन मी सकाळी काटेवाडी गाठली. साडू घामाघूम होऊन यंत्रापुढं बसलेले. टपाल आणणारा प्रोग्राम सांगत होता की आफ्रिकेहून एक पत्र आलं आहे. बोर्डाचा नवा प्रोग्राम सांगत होता की पत्रबित्र काही नाही.

"त्येचं काय झालंय मावशी," साडू आईला समजावू लागले, "टपाल आणणारा जुना हाय. त्यो परत्येक पत्र येगळ्या फायलीत ठिवतो, नंबर घालून. ज्याची त्याची चूल. ह्या नव्याचं एकत्र खटलं, समदी पत्रं एकाच मोठ्या फायलीत. ह्येला त्येचं दिसत न्हाय."

"ते मला नगा सांगू, पावणं," आई म्हणाली. "माझी पोरगी हाय का, तेवढं सांगा."

माझं डोकं असं भडकलं होतं की काय सांगू. पण आईचा तो आवाज ऐकून मी आधी तिला खुर्चीत बसवलं. साडूंनी एक तिसरा प्रोग्राम शोधला, या घरचं त्या घरात नेऊन ठेवणारा, आणि घाईघाईनं चालवला. चालवून झाल्यावर त्याची माहिती वाचली. आधी करून मग वाचायचं, हीसुद्धा त्यांची जुनी खोड. वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला. तो प्रोग्राम एक नंबरची फाईल स्वतःची समजत होता. कुठवर काम झालं याची खूण तो तिथं लिहून ठेवी आणि आधी जे काही असेल ते पुसून टाकी.

"टपालाचा कप्पा कालच क्येलाय," साडू पुटपुटले. "आन् पत्र एकच आलंया." म्हणजे पुसलं गेलं ते आफ्रिकेचंच पत्र, हे मला कळलं. आईलाही बहुधा कळलं असावं, तिनं पदर तोंडाला लावला.

दारात मेव्हणी उभी होती, धारेची कासंडी हातात. ती शांतपणे म्हणाली, "अवो, पर नव्या कप्प्यात पयलं तुमी काय टाकता?"

साडूंनी तिच्याकडं बघितलं. मग नवा प्रोग्राम उघडला. एक पत्र होतं. टपालाच्या कप्प्यात एक नंबरला ठेवलेला गणपती पुसला गेला होता; आफ्रिकेचं पत्र दोन नंबरला होतं, ते जसंच्या तसं इकडं आलं होतं. जन्मात दुसऱ्याचं पत्र न वाचलेल्या त्या माणसानं ते मोठ्यांदा वाचलं: ऑपरेशन करावं लागलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी पेंडीच्या पोत्यावर बसलो. आई रडली, मग हसली, मग पुन्हा वाचायला लावलं.

"समदं सोतावर घ्येतलं बघा त्येनं," साडू डोळे पुसत म्हणाले. त्या दिवसापासून मी गणपतीच्या पत्राची टिंगल बंद केली.

चहा झाला तेव्हा आईनं विचारलं, "पावणं, बाळंतिणीला डिंकाचं लाडू ह्यातनं धाडता येत्यात का?" कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला जोडता येते असं मानणारे आमचे साडू. मला वाटलं, आता व्याख्यान सुरू होणार. पण ते हळूच म्हणाले, "न्हाय मावशी. तेवढं अजून जमत न्हाय."

लाडू आईनं केलेच. आणि साडू तो डबा घेऊन क्वार्टर्समधून दारोदार फिरले, तिकडं निघालेला एक इंजिनिअर सापडेपर्यंत. पुढं इंटरनेट आलं, बोर्ड बंद पडला, साडू पुन्हा उसात रमले म्हणे; मला काही ते खरं वाटत नाही. डबा देऊन आले त्या संध्याकाळी ते यंत्रापुढं बसले आणि माझ्या बहिणीला त्यांनी आपणहून पत्र लिहिलं: 'ताई, डबा निघाला आहे. बाळंतिणीच्या डोक्यावरून आईचा हात फिरायला पाहिजे होता, तो आमच्या बोर्डावरून धाडता आला नाही. राग मानू नये.' पाठवण्याआधी त्यांनी ते मला वाचायला दिलं. मी म्हटलं, ठीक आहे, पाठवा.