गोलाच्या आतली टोली

"पडद्याले हात नोको लावू वो बाई. मासोळीचा हात हाये. तिथूनच दाखव."

सरपंच हे म्हणाले तेव्हा माझं बोट पडद्यापासून वीतभर लांब होतं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भिंतीला पांढरा पडदा, त्यावर आमच्या गावाचा आकाशातून घेतलेला नकाशा. तलाव आणि तलावापलीकडची आमची ढिवरांची टोली, म्हणजे मासेमारांची वस्ती, दाखवायला मी उठले होते. प्रोजेक्टरचा उजेड अंगावर पडला. निम्मं गाव माझ्या साडीवर आलं. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

मी हात खाली घेतला आणि जागेवर येऊन बसले. राग आला नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. बसल्या बसल्या हात नाकाजवळ नेऊन पाहिला, एवढंच. घरून निघताना दोनदा साबण लावला होता. हाताला साबणाचा वास येत होता.

मीटिंग नर्सबाईसाठी होती. ज्या टोल्या दवाखान्यापासून लांब पडतात, तिथे पावसाळ्याचे चार महिने एक नर्सबाई मुक्कामी राहणार होती. औषधं, बाळंतपणाचं सामान, सगळं घेऊन. कोणत्या टोलीला द्यायची ते नकाशा बघून ठरणार होतं. भंडाऱ्याहून एक तरुण साहेब लॅपटॉप घेऊन आला होता. माणूस वाईट नव्हता. मला ताई म्हणाला. त्याने गावातल्या दवाखान्यावर टिंब ठेवलं आणि भोवती तीन किलोमीटरचा गोल काढला. आत येईल ते जवळ. बाहेर राहील ते लांब.

आमची टोली आत आली.

"ताई, तुमची टोली तर दवाखान्यापासून एक किलोमीटरसुद्धा नाही," साहेब म्हणाला.

खरं आहे. बगळ्याला विचारलं तर तोही हेच सांगेल. पण मधे तलाव आहे. माणसाला तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, वळसा घालून जावं लागतं. श्रावणात तलाव भरला की सांडव्याचं पाणी त्याच वाटेवरून जातं आणि वाट बंद होते. मग उरतो डोंगा. मासोळ्या धरायचा, एका लाकडातून कोरलेला, जेमतेम दोन माणसांचा.

माझी नणंद माहेरी बाळंतपणाला आली होती, तेव्हा तिला त्याच डोंग्यातून नेलं. दोन माणसांच्या डोंग्यात आम्ही तिघं. नवरा बांबूने डोंगा लोटत होता. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते. अर्ध्या तलावात ती कण्हायची थांबली. मला बरं वाटलं, वाटलं कळा थांबल्या. पलीकडच्या काठावर गावची आशा वर्कर, आशाताई, उभी होती. तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाळही गेलं.

यंदा माझ्या धाकट्या जावेला दिवस गेलेत. तिची तारीख भादव्यात आहे. हे सांगायला मी उठले होते.

सांगितलं नाही. शेवटी रजिस्टर फिरलं. त्यात लिहिलं होतं, नकाशा दाखवला, सर्वांना मान्य. शिपायाने ते बाकीच्यांच्या हातात दिलं, माझ्यापुढे फरशीवर ठेवलं. मी बारावी पास आहे. वाकून, वळणदार अक्षरात सही केली. आजही लाज वाटते. सरपंचाची नाही, माझी.

घरी जाऊ तांदूळ निवडत बसली होती.

"काय झालं वो बाई? नर्सबाई येते का आपल्याकडे?"

"आपन जवळ हाओ म्हन्तेत."

"कोनापासून?" ती म्हणाली. पुन्हा सुपात बघायला लागली.

दोन दिवस मी साकोलीच्या बाजारात पाटी घेऊन बसले. गिऱ्हाइकाने भाव विचारला की सांगत होते. डोक्यात जावेचा तो एकच शब्द फिरत होता, कोनापासून. आशाताई मासोळ्या घ्यायला आली, तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या मोबाइलमध्ये एक अॅप टाकून दिलं. आपण चालतो तशी त्यात रेघ उमटते आणि अंतर मोजलं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोलीतून निघाले. पाळ, सांडवा, बेशरमाची झुडपं, धानाच्या बांध्यांमधली पायवाट. दवाखान्याच्या फाटकाशी थांबून मोबाइल पाहिला. साडेपाच किलोमीटर. साहेबाच्या गोलाच्या आतल्या आत साडेपाच.

पंधरा दिवसांनी साहेब नर्सबाई मिळणाऱ्या टोल्यांची यादी वाचायला परत आला. तोच पडदा, तोच गोल. मी उभी राहिले.

"सायेब, गोल नोको. वाट काढून दाखवा."

"बस खाली," सरपंच म्हणाले. "सही केली ना तुनं?"

"केली. चुकलं माह्यं. आता मान्य नाही, असं लिहा."

साहेबाने माझा मोबाइल हातात घेतला. बराच वेळ पाहिला. म्हणाला, "ताई, हे अधिकृत नाही."

"तुमचा गोल कोनं चालून पाह्यला?"

त्याने मोबाइल परत दिला. मग हळू आवाजात म्हणाला, की कॉम्प्युटरवर वाटेनंही अंतर काढता येतं, पण त्यात वाटा भरलेल्या लागतात. पाळीची वाट कोणी भरलेली नाही.

तेव्हा मला राग आला. इतक्या दिवसांनी. पडद्यावर तलाव निळाशार दिसत होता, परातीएवढा. तो साहेबाला दिसत होता. त्याच तलावाच्या पाण्यावर ज्यांचं धान पिकतं, ती सगळी मंडळी हॉलमध्ये बसली होती. तलावापलीकडे माणसं राहतात हे त्यांना माहीत नव्हतं का? उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, हे आकाशातून हाकत होते आणि गाव बघत होतं. मी पडद्यापाशी गेले आणि टोलीवर बोट ठेवलं. अडवायला कोणी उठलं नाही.

यादी बदलली नाही. साहेब म्हणाला, वर पाठवतो.

आता ज्येष्ठ लागलाय. टोलीतल्या बायका आपापल्या वाटेच्या रेघा काढतात, राशन दुकानापर्यंत, शाळेपर्यंत. अर्ज मी लिहिते. शाळेत शिकवलं होतं, अर्जात वर सविनय सादर, खाली नम्र विनंती. दोन्ही काढून टाकलं. अर्ज असा आहे: आमच्या दारापासून दवाखान्यापर्यंतची ही वाट आम्ही चालून मोजली आहे. तुम्ही या आणि चालून खात्री करा. श्रावणाच्या आत नर्सबाई पाठवा. पाठवायची नसेल तर का नाही, ते लेखी कळवा.

तीन अर्ज गेले. उत्तर नाही.

सांडवा वाहायला लागायच्या आत मी जावेला घेऊन भंडाऱ्याला जाणार आहे. साहेबाच्या कचेरीच्या व्हरांड्यात मुक्काम टाकणार आहे. दिवस भरले की ती तिथेच बाळंत होईल. घरात सगळ्यांना सांगून झालंय. परवा जाऊन मी जागाही बघून आले.