एका स्टुलासाठी

"आधी अंगठी घाल."

"नाही घालणार."

"मग स्टूल मिळणार नाही."

"दादा, स्टूल माझ्या पायांना हवंय, बोटांना नाही!"

"नियम म्हणजे नियम," म्हणत दादाने वडिलांची जाडजूड चांदीची अंगठी इस्त्रीच्या टेबलावर ठक्कन आपटली. धाकटीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका हातात वाफेची इस्त्री, दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली. रुसून नव्हे, सोडली असती तर ती खाली बसली असती.

हा नियम दादाच्या सुपीक डोक्यातून निघाला होता. लाँड्री तिघा भावंडांची. दादा पुढे काउंटरवर, ताई आणि धाकटी मागे इस्त्रीच्या खोलीत. दोघी बहिणींना सांध्यांचा एकच आजार जडला. आधी ताईला, मागोमाग धाकटीला. डॉक्टर एकच, गोळ्याही त्याच. पण कपड्यांच्या गठ्ठ्यांमधून मागच्या खोलीत जागा उरली होती एकाच स्टुलाची. मग आज जास्त आजारी कोण, हे ठरवायचं कसं? दादाने रोज सकाळी दोघींच्या बोटांत अंगठी घालून बघायला सुरुवात केली. जिच्या बोटात ती अडकेल, स्टूल तिचं. एवढा झटपट न्याय कोर्टातही मिळत नसेल.

निकाल रोज ठरलेला. ताईची बोटं सकाळी टम्म फुगलेली. अंगठी पहिल्या पेरावरच हात टेकायची. स्टूल ताईला. आणि ताई म्हणजे एका जागी बूड टेकेल तर शपथ! बोटं चोळत, 'आई गं' म्हणत ती दिवसभर भिंगरीसारखी फिरायची आणि जिंकलेल्या स्टुलावर घडी केलेल्या चादरी रचून ठेवायची. धाकटीच्या बोटात मात्र अंगठी गरगर फिरायची. म्हणून धाकटी उभी.

एकेकाळी हीच धाकटी गाणी म्हणत अख्खा गठ्ठा संपवायची. तिने इस्त्री केलेली कॉलर गिऱ्हाइकं लांबून ओळखायची. आता शर्टाची एक बाही झाली की दुसरी परगावी असल्यासारखी वाटायची. रात्रभर झोपून सकाळी उठायची ती अशी, जणू कुणी तिलाच पिळून दोरीवर टाकलंय. सल्ल्यांची मात्र कमतरता नव्हती. पहाटे फिरायला जा. मन रमव. लवकर झोप. कमी झोप. शेजारच्या बाईंनी तर डोळे मिटून निदान केलं, "तिला ना, कौतुक हवंय."

शेवटी काल दादा स्वतः तिच्याबरोबर दवाखान्यात गेला. बहिणीच्या काळजीने नव्हे. ती नाटकं करते हे डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकायला.

"दोघींचा आजार एकच ना?" त्याने वकिली सूर लावला.

"एकच."

"गोळ्या त्याच?"

"त्याच."

"मग एक नाचते आणि एक लोळते, हे कसं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "सूज आणि थकवा हातात हात घालून चालतातच असं नाही. आजारात शरीर आतल्या आत झुंजत असतं. त्या झुंजीने कोण किती गळून जाईल, हे माणसागणिक बदलतं. त्यात थोडा वाटा जनुकांचा असावा असं दिसतंय. सगळा नाही हं. झोप, दुखणं, मनावरचा ताण, हेही असतंच. पुरतं अजून कुणालाच उलगडलेलं नाही."

"अहो, पण सख्ख्या बहिणी आहेत या!"

"सख्ख्यांनाही आईवडिलांकडून सगळं सारखं येत नाही. तुम्हा भावंडांची उंची सारखी आहे का?"

दोन्ही बहिणींच्या खांद्याला लागणारा दादा खुर्चीत ताठ बसला. घरी परतताना त्याने स्वतःहून तिच्यासाठी रिक्षा केली. धाकटीला वाटलं, सुटले. आता बसायला मिळेल, म्हणजे काम टिकेल. अजून महिनाभर उभं राहावं लागलं असतं तर तिला इस्त्री कायमची सोडावी लागली असती, आणि इस्त्रीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही आवडतही नव्हतं.

आणि आज सकाळी पुन्हा ही अंगठी!

"डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलंस ना तू?" धाकटीचा आवाज चढला.

"हळू! बाहेर गिऱ्हाईक आहे."

"मग असू दे की!"

"अगं, जनुकं म्हणजे काय? रक्त! म्हणजे खोट आपल्या घराण्यात?" दादा कुजबुजला. "उद्या माझ्या पोरीला कुणी पसंत करेल? त्यापेक्षा तू आळशी आहेस, हे काय वाईट आहे?"

धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली. आळशी म्हटलं की बदनामी एकटीची, आजार म्हटला की सगळ्या घराची. हिशेब चोख होता. तिच्या आळसावर घराण्याची अब्रू उभी होती, आणि तीही तिच्यासारखीच, बिनस्टुलाची.

"आत्या पण अशीच पडून असायची," ताई मध्येच म्हणाली. "तिचेही सांधे दुखायचे."

"आत्या आळशी होती!" दादा ओरडला आणि लगेच दाराकडे बघून आवाज खाली आणला. "सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे तुलाच ना?" ताईने चादरी उचलल्या आणि स्टूल धाकटीकडे सरकवलं. "दादा, मला दुखतं रे, पण दमायला होत नाही. हिला माझ्याइतकं दुखत नाही, पण ही संपून जाते. बस गं तू."

धाकटी बसली. पोटऱ्यांतून काहीतरी सैल होत खाली उतरलं. तिने डोळे मिटून घेतले.

दादा येरझारा घालायला लागला. गठ्ठ्यांमुळे त्याला जेमतेम दोन पावलं टाकता येत होती, तरी त्याने त्या घातल्या. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. काउंटरच्या खणातून तो बँडेजची गुंडाळी घेऊन आला.

"ठीक आहे, बस. रोज बस. मी कोण अडवणारा? फक्त कुणी विचारलं तर सांगायचं, पाय मुरगळलाय. मुरगळायला काय, कुणाचाही मुरगळतो. त्यात घराण्याचा काय संबंध?"

"आणि बरा कधी होणार तो?" ताईने विचारलं.

"नाही होणार. जुनाट मुरगळ आहे." दादा स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन स्टुलापुढे गुडघे टेकून बसलासुद्धा. बँडेजचं टोक सोडवत त्याने इतक्या मायेने वर पाहिलं, की त्याच्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं असंच कुणालाही वाटावं.

"सांग बरं, कुठला बांधू? उजवा की डावा?"

धाकटी टेबलाला धरून उठली. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली आणि काउंटरपाशी थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या समोरून, दोन्ही पायांवर, ती बाहेर पडली.