मर्विनचं न जळलेलं कुरण

"यंदा वासरं घेऊ नकोस आई, किती वेळा सांगू?" रॉस म्हणाला. "जुनं गवत तसंच उभं आहे. वासरं नुसती हिंडतील, अंगाला काही लागायचं नाही. मग त्यांचा मालक पुढच्या वर्षी कशाला पाठवेल?"

"जाळायचं होतंस की," त्याची बायको टेरी म्हणाली. "मार्चभर टीव्हीसमोर कोण बसलं होतं?"

"बाबा नुकतेच गेले होते, टेरी."

"ते गवताला कोण सांगणार?"

रॉसची आई लव्हॉन बटाटे सोलत राहिली. कॅन्ससच्या या टेकड्यांवर लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळ्यात तिने दुसऱ्यांची वासरं चारून, धष्टपुष्ट करून परत पाठवली होती. स्वतःचं एकही नव्हतं. कोवळं गवत यावं म्हणून वसंतात शेजारी मिळून सगळ्यांची कुरणं जाळत, पण पहिली काडी घरधन्यानेच लावायची. यंदा तिचा नवरा मर्विन नव्हता, म्हणून शेजाऱ्यांनी आदराने तेवढं एक कुरण वगळलं. खिडकीबाहेर सगळ्या टेकड्या काळ्या होत्या आणि मधे त्यांचाच पिवळा तुकडा. तो बघून तिला रडू येईल असं घरात सगळ्यांना वाटत होतं. पण तिला रडू येत नव्हतं.

तिने सुरी पुसून ठेवली.

"काडेपेटी मर्विनच्या कोटात आहे. उद्या सकाळी मी कुरण पेटवणार. रॉस, शेजारच्या हॅरलनला पाण्याची टाकी घेऊन यायला सांग. वासरं ठरल्याप्रमाणे मे महिन्यात येतील."